वर्तनशास्त्र आणि रसविचार

एका शास्त्राचें दुसऱ्या शास्त्राशीं नातें जुळलें म्हणजे विद्वन्मंडळींस जो आनंद होतो, तो सोयरीक जुळल्याच्या आनंदासारखाच असतो. आणि सोयरिकींत ज्याप्रमाणें घराण्याच्या नांवाची चौकशी फार व वधूवरांच्या स्वभावाची थोडी, तशीच गत शास्त्रांच्या या सोयरिकींतहि पुष्कळदां होते. दोहोंकडील नांवें जुळलीं कीं मंडळी निश्चिंत होतात. संसार कसा होईल तें पुढें ज्याचें त्यानें पाहावें! मनुष्य कसा वागतो, कशी निवड करितो, कशाला भितो व कशाला भुलतो, याचा प्रयोगांच्या साह्यानें शोध घेणारें जें वर्तनशास्त्र, तें गेल्या शंभर वर्षांत अशा अनेक घरीं वावरलें आहे. अर्थशास्त्र, भाषाशास्त्र, कायदा, वैद्यक, शिक्षण हीं घरें त्यास आतां परकीं राहिलीं नाहींत. साहित्यविचाराच्या घरांतहि त्याचें येणें-जाणें वाढलें आहे. त्यास दार उघडावें कीं नाहीं हा वाद आतां निरर्थक होय. त्याच्याशीं देण्याघेण्याचा व्यवहार कोणत्या अटींवर करावयाचा, हा खरा प्रश्न आहे. आणि तो केवळ आम्हां अध्यापकांचा नसून, मुलांच्या हातीं कथाकादंबऱ्या कां द्यावयाच्या याचा जेथें विचार होतो अशा प्रत्येक सुशिक्षित घराचा आहे.

या अटी ठरविण्यास दोन उदाहरणें उपयोगीं पडतील. एक यशाचें, दुसरें अपयशाचें. मनुष्य आपला नफातोटा बिनचूक ताडून पाहतो व मग निवड करितो, असें अर्थशास्त्रानें दीर्घ काळ गृहीत धरलें होतें. हर्बर्ट सायमन यांनीं १९५५ सालीं या गृहीतावर शंका घेतली. पुढें डॅनियल कानेमन व एमॉस ट्व्हर्स्की यांनीं १९७९ सालच्या निबंधांत असें मांडलें कीं, एखादी रक्कम मिळाल्याचा हर्ष व तेवढीच रक्कम गमावल्याचा खेद हे मनुष्याच्या तराजूंत समतोल नसतात. खेदाचें पारडें जड असतें. २००२ सालीं कानेमन यांस व २०१७ सालीं रिचर्ड थेलर यांस अर्थशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें, तें या शेजाराचेंच फळ होय. हा व्यवहार फळास कां आला? वर्तनशास्त्रानें अर्थशास्त्राला नवीं नांवें पुरविलीं म्हणून नव्हे. अर्थशास्त्राच्याच एका विधानावर बोट ठेवून, 'हें खरें कीं खोटें?' असा, ज्याचें उत्तर कोणत्याहि बाजूनें येऊं शकेल असा प्रश्न त्यानें विचारला, म्हणून.

भाषाशास्त्राच्या घरीं याच्या उलट घडलें. बी. एफ. स्किनर यांनीं १९५७ सालीं 'व्हर्बल बिहेव्हियर' या ग्रंथांत मनुष्याचें सारें बोलणें उद्दीपक, प्रतिक्रिया व प्रबलन अशा मोजक्या शब्दांच्या चौकटींत बसविण्याचा उद्योग केला. उंदीर व कबुतरें यांच्यावरील प्रयोगांत या शब्दांना नेमका अर्थ होता. परंतु नोम चॉम्स्की यांनीं १९५९ सालीं त्या ग्रंथाचें जें परीक्षण लिहिलें, त्यांत त्यांनीं दाखवून दिलें कीं, प्रयोगशाळेचा उंबरठा ओलांडतांच त्या शब्दांचा नेमकेपणा आंत राहतो व बाहेर येतें तें नुसतें टरफल. एकच चित्र पाहून एक जण रंगांविषयीं बोलतो, दुसरा तें वांकडें टांगलें आहे म्हणतो, तिसरा मागील वर्षींच्या सहलीची आठवण काढतो. आणि प्रत्येक उद्गार ऐकून झाल्यावर आपण त्याच्या मागें एकेक उद्दीपक चिकटवूं लागलों, तर आपण भाकित कांहींच केलें नाहीं. ऐकलेलेंच दुसऱ्या भाषेंत सांगितलें. नांव बदलणें म्हणजे ज्ञान वाढविणें नव्हे, हा या प्रकरणाचा धडा होय.

हे दोन दाखले जवळ ठेवून आतां आपल्या घराकडे वळूं. भरताच्या नाट्यशास्त्रांत आठ स्थायी, तेहतीस व्यभिचारी व आठ सात्त्विक मिळून एकूणपन्नास भाव सांगितलेले आहेत. रति, हास, शोक, क्रोध, उत्साह, भय, जुगुप्सा व विस्मय हे ते आठ स्थायी. शांतरसाचा शम हा पुढें नववा म्हणून आला. इंग्रजी विद्येंत वाढलेल्या पिढीला ही यादी पाहून मानसशास्त्राची आठवण व्हावी, हें स्वाभाविकच होतें. विल्यम मॅक्डुगल यांनीं १९०८ सालीं सामाजिक मानसशास्त्रावरील आपल्या ग्रंथांत मनुष्याच्या सहजप्रवृत्ति व त्यांच्याशीं निगडित अशा मूळ भावना मांडल्या, ए. एफ. शँड यांनीं १९१४ सालीं अनेक भावना एका विषयाभोंवतीं गुंफल्या जाऊन स्थिरवृत्ति कशी बनते याचें विवेचन केलें. डॉ. के. ना. वाटवे यांचा 'रसविमर्श' हा १९४२ चा ग्रंथ याच मानसशास्त्राच्या प्रकाशांत रसव्यवस्था तपासून पाहतो. प्राचीनांचें म्हणणें केवळ प्राचीनांचें म्हणून स्वीकारावयाचें नाहीं, आजच्या शास्त्रापुढें उभें करून तें पारखावयाचें, ही त्या ग्रंथाची बाणेदार वृत्ति आम्हांस आजहि आदरणीय वाटते.

परंतु ज्या आधारावर ही पारख झाली तो आधारच खचत होता. जॉन वॉटसन यांनीं १९१३ सालीं वर्तनवादाचा झेंडा उभारला होता. नाइट डनलॅप यांनीं १९१९ सालीं सहजप्रवृत्ति म्हणून कांहीं आहे काय असाच प्रश्न टाकला होता. १९२४ सालीं मॅक्डुगल व वॉटसन यांचा जाहीर वादविवादहि झाला. 'रसविमर्श' निघाला तेव्हां अमेरिकेंतील विद्यापीठांतून सहजप्रवृत्तींची सद्दी संपून वर्तनवादाची चालू होती, आणि पुढील वीसपंचवीस वर्षांत तीहि ओसरली. यांत डॉ. वाटव्यांचा दोष नाहीं. ज्या कालांत जें प्रमाण मान्य असतें त्याच प्रमाणानें विद्वान् मोजतो. तथापि आज तो ग्रंथ उघडला असतां दिसतें असें कीं, प्राचीन साहित्यमीमांसकांच्या विचारांचा जेथें ते उलगडा करितात तीं पानें टवटवीत आहेत, आणि अमुक स्थायी म्हणजे मॅक्डुगलची अमुक भावना अशी जेथें जुळवाजुळव आहे तीं पानें त्या मानसशास्त्राबरोबरच म्हातारीं झालीं आहेत.

ही जुळवाजुळव आतां थांबली असें मात्र नाहीं. केवळ मॅक्डुगलच्या जागीं पॉल एकमन आले. न्यू गिनींतील फोरे लोकांमध्यें जाऊन त्यांनीं मनुष्याच्या मुद्रांचा अभ्यास केला, व क्रोध, भय, जुगुप्सा, विस्मय, दुःख व आनंद हे सहा भाव जगांत सर्वत्र एकाच मुद्रेनें ओळखले जातात असा सिद्धान्त मांडला. झालें! भरतमुनीच्या आठांपैकीं सहा जुळले. दोन हजार वर्षांपूर्वींच आम्हीं हें जाणलें होतें, असें म्हणावयास आम्ही मोकळे. पण राहिले कोणते दोन? रति आणि उत्साह. म्हणजे शृंगार व वीर यांचे स्थायी. नाटकाचा प्रधान रस यांपैकींच एक असावा असें ज्यांच्याविषयीं दशरूपककार सांगतात, नेमके तेच! ज्या कोष्टकांतून घरचे दोन मुख्य कर्तेच गळतात, त्या कोष्टकाच्या जोरावर घराण्याचा अभिमान मिरवावयाचा, हें 'नांव सोनूबाई आणि हातीं कथलाचा वाळा' असेंच नव्हे काय? शिवाय एकमन यांचें कोष्टकहि निर्विवाद राहिलेलें नाहीं. लिसा फेल्डमन बॅरेट यांनीं २०१७ सालच्या आपल्या ग्रंथांत, भावना ह्या जन्मतः तयार सांच्यांतून निघत नसून अनुभव, भाषा व संस्कृति यांतून घडतात असा प्रतिपक्ष मांडला आहे. उद्यां तो पक्ष प्रबळ झाला, तर आम्ही भरतमुनीस पुन्हां एकदां नवा अंगरखा शिवणार काय?

येथें कोणी म्हणेल कीं, मग हा शेजार नकोच. तसें आमचें म्हणणें नाहीं. नाट्यशास्त्राच्याच सामग्रीवर चाललेला एक सुंदर प्रयोग २००० सालीं प्रसिद्ध झाला. अहल्या हेजमाडी, रिचर्ड डेव्हिडसन व पॉल रोझिन यांनीं नाट्यशास्त्रांतील भावांच्या परंपरेस अनुसरून केलेल्या अभिनयाच्या चित्रफिती अमेरिकन व भारतीय विद्यार्थ्यांपुढें ठेविल्या. भारतीय नृत्याशीं ज्यांचा परिचय नाहीं अशा अमेरिकन विद्यार्थ्यांनींहि ते भाव निव्वळ अंदाजानें साधलें असतें त्याहून कितीतरी अधिक प्रमाणांत बरोबर ओळखले. हा प्रश्न सरळ होता. उत्तर नकारार्थी येऊं शकलें असतें. म्हणून तें होकारार्थी आलें याला किंमत आहे. परंतु यानें सिद्ध काय झालें तेंहि नीट ओळखलें पाहिजे. अनुभाव ओळखतां येतात, एवढें सिद्ध झालें. नटीच्या मुखावरील क्रोध ओळखणें निराळें आणि रौद्ररसाचा आस्वाद घेणें निराळें. शेजाऱ्याच्या मुद्रेवरील क्रोध आम्ही रोजच ओळखतों. त्यांत रस असता तर गृहस्थाश्रमासारखें नाट्यगृह दुसरें नसतें!

आतां ज्या प्रयोगामुळें हा विषय साहित्यप्रेमी माणसाच्या जिव्हाळ्याचा झाला, त्याकडे येतों. डेव्हिड किड व इमॅन्युएल कास्तानो यांनीं २०१३ सालीं 'सायन्स' या प्रसिद्ध नियतकालिकांत असा निष्कर्ष मांडला कीं, अभिजात ललित कथा वाचल्यानें दुसऱ्याचें मन जाणण्याची शक्ति वाढते; रंजनपर लोकप्रिय कथा किंवा माहितीपर लेख वाचून ती तशी वाढत नाहीं. वाचनास दिलेले उतारे थोड्या मिनिटांत संपणारे; त्यांत चेखॉव्हची एक कथाहि होती. वाचून झाल्यावर मुख्यतः जी परीक्षा घेतली ती छत्तीस छायाचित्रांची. प्रत्येक छायाचित्रांत केवळ डोळ्यांचा भाग; खालीं चार शब्द; या डोळ्यांतून कोणता भाव दिसतो तें सांगावयाचें. हा निष्कर्ष वृत्तपत्रांनीं उचलून धरला, आणि साहित्य शिकविणाऱ्या पुष्कळांस तर तो देवानेंच धाडलेल्या प्रशस्तिपत्रासारखा वाटला. तसें वाटावें यांत नवल नाहीं. कलाशाखेच्या अध्यापकास आज पालक विचारतात, विद्यार्थी विचारतात, क्वचित् घरचीं माणसेंहि विचारतात कीं, ह्या कथाकवितांचा उपयोग काय? अशा वेळीं प्रयोगशाळेच्या शिक्क्याचा कागद खिशांत असला म्हणजे बोलणाऱ्याचा आवाज आपोआप चढतो.

पण तो कागद टिकला नाहीं. २०१६ सालीं अनेक संशोधकांनीं एकत्र येऊन हाच प्रयोग पुन्हां केला, तेव्हां तो परिणाम दिसला नाहीं. २०१८ सालीं 'नेचर' व 'सायन्स' या दोन नियतकालिकांत २०१० ते २०१५ या काळांत आलेले सामाजिक शास्त्रांतील २१ प्रयोग निवडून ते अधिक मोठ्या संख्येवर पुन्हां करण्यांत आले; त्यांपैकीं १३ प्रयोगांचा पडताळा आला. ज्या आठांचा आला नाहीं त्यांत हा वाचनाचा प्रयोगहि होता. त्याच्या आधीं २०१५ सालीं मानसशास्त्रांतील १०० प्रयोगांची अशीच फेरतपासणी झाली असतां, जेमतेम ३६ टक्के प्रयोगांतच मूळचा निष्कर्ष संख्याशास्त्राच्या कसोटीस पुन्हां उतरला होता. यावरून वर्तनशास्त्राची टवाळी करावी असें मात्र आम्हांस वाटत नाहीं. आपलींच नाणीं आपणच पुन्हां वाजवून पाहणारें आणि खोटीं निघालेलीं चारचौघांत जाहीर करणारें शास्त्र हें हिणविण्याजोगें नसून अनुकरणीय आहे. साहित्यसमीक्षेंत अशी फेरतपासणी कोणी केली आहे काय?

या सर्व प्रकरणांत आम्हांस सर्वांत बोधप्रद वाटलेली गोष्ट निराळीच आहे. २०१६ सालच्या त्या फेरतपासणींत थोड्या मिनिटांच्या वाचनाचा परिणाम दिसला नाहीं. परंतु आयुष्यांत ज्यांचें ललित वाचन अधिक झालेलें होतें त्यांस त्या डोळ्यांच्या परीक्षेंत अधिक गुण मिळाले. यावरून वाचनामुळेंच ती शक्ति आली असें म्हणतां येणार नाहीं. ज्यांस मूळचीच माणसांची ओढ, तेच कथांकडे वळत असतील, हेंहि शक्य आहे. परंतु रसविचाराच्या अभ्यासकास येथें थांबलेंच पाहिजे. कारण इसवी सनाच्या हजाराव्या वर्षाच्या सुमारास काश्मिरांत होऊन गेलेल्या अभिनवगुप्तांनीं सहृदयाचें जें लक्षण केलें आहे, त्याचा आशय असा कीं, काव्याच्या दीर्घ परिशीलनानें ज्याच्या मनाचा आरसा स्वच्छ झाला तो सहृदय. आरसा एका पुसण्यानें स्वच्छ होत नाहीं. 'अभिनवभारतीं'त त्यांनीं रसाच्या वाटेंतील सात विघ्नें सांगितलीं आहेत. त्यांतील एक असें कीं, प्रेक्षक स्वतःच्याच सुखदुःखांत गुंतलेला असला म्हणजे त्यास रस येत नाहीं. चार पैशांच्या मोबदल्यांत, घड्याळाकडे पाहत, नेमून दिलेला उतारा संपविणारा मनुष्य या विघ्नांतून कितपत सुटलेला असेल? म्हणजे रसविचारानें वर्तनशास्त्रास येथें नांव नव्हे, तर एक प्रश्नच देऊं केला आहे: वाचक कोणता, कोणत्या स्थितींतला, किती वर्षांच्या तयारीचा, हें न पाहतां वाचनाचा परिणाम मोजतां येईल काय? हा प्रश्न प्रयोगानें सोडवितां येण्याजोगा आहे, आणि त्याचें उत्तर आमच्या विरुद्धहि येऊं शकेल. अर्थशास्त्राच्या घरीं जो व्यवहार झाला त्याच जातीचा हा व्यवहार होय.

देणें झालें तसें घेणेंहि झालें पाहिजे. आमच्या रसविचारांत एक सोयीची पळवाट आहे. एखाद्यास अमुक काव्यांत रस वाटला नाहीं असें तो म्हणाला, कीं आम्ही तत्काळ म्हणतों, तो सहृदय नाहीं. सहृदय कोण? ज्यास रस येतो तो. आणि रस कोठें आहे? जेथें सहृदयास येतो तेथें. हें चक्र फिरत राहतें आणि कोणत्याहि टीकाकारास त्यांत बसून स्वतःच्या आवडीस शास्त्राचें नांव देतां येतें. किती होतकरू विद्यार्थी 'तुम्हांस रुचि नाहीं' या एका वाक्यानें गप्प बसविले गेले असतील! येथें वर्तनशास्त्राचा शेजारी आम्हांस नम्रपणें विचारूं शकतो: 'आपला सहृदय, त्यास रस येण्यापूर्वींच, कोणत्या खुणेनें ओळखावा तें सांगा, मग आपण दोघे मिळून पाहूं.' या प्रश्नास उत्तर देण्याचें आम्हीं टाळलें, तर शास्त्र म्हणविण्याचा आमचा हक्क त्या प्रमाणांत कमी होतो.

दोन्ही बाजूंनीं असा प्रामाणिकपणा राखला तर काय साधतें याचें एक चांगलें उदाहरण देतां येईल. करुणरसानें आनंद कां व्हावा, हा जुना पेंच आहे. पाश्चात्त्यांकडे ॲरिस्टॉटलच्या 'कॅथार्सिस' या शब्दावर ढीगभर चर्चा झाली, आणि तिचा लोकांत रुळलेला अर्थ असा कीं, मनांतील वाफ बाहेर पडली म्हणजे मन शांत होतें. ब्रॅड बुशमन यांनीं २००२ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, ज्यानें राग आणला त्याचें स्मरण करीत गुद्दे मारणाऱ्यांचा राग शमला नाहीं, उलट वाढला. लोकसमजुतीचें यानें खंडन झालें. पण शोकान्त नाटकाच्या प्रेक्षकाविषयीं यांत अक्षरहि नाहीं, कारण गुद्दे मारणारा हा प्रेक्षक नव्हे. याच्या उलट विनफ्रीड मेनिंगहाउस या मूळच्या साहित्यपंडितानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं २०१७ सालीं मांडलेली उपपत्ति पाहावी. 'ही कला आहे, हें प्रत्यक्ष नव्हे' या जाणिवेनें दुःखद भावनांना सुरक्षित अंतर लाभतें, आणि त्या अंतरामुळेंच त्या भावनांची तीव्रता आस्वादास उपकारक होते, असें त्यांचें म्हणणें. भट्टनायकानें साधारणीकरणाच्या कल्पनेनें जें सांगितलें, कीं नाट्यांतील शोक हा 'माझा' नव्हे, 'परक्याचा'हि नव्हे, म्हणून त्याचा आस्वाद शक्य होतो, त्याच्याशीं हें जवळचें आहे. पण 'जवळचें' म्हणजे 'तेंच' नव्हे. भट्टनायक ममत्व व परत्व या दोहोंचा निरास सांगतो. हे जर्मन पंडित अंतर व जवळीक या दोन शक्तींचा मेळ सांगतात. येथें 'आमच्याकडे हें होतेंच' म्हणून समाधान मानण्यापेक्षां, या दोहोंतील फरक कोठें पडतो व कोणत्या नाट्यानुभवांत तो पडताळून पाहतां येईल, याचा शोध करणाऱ्याच्या हातून दोन्ही शास्त्रांची सेवा घडेल.

आमच्या म्हणण्याचा इत्यर्थ हा कीं, शेजाऱ्याकडून प्रश्न घ्यावेत, प्रशस्तिपत्रें घेऊं नयेत. 'साहित्य वाचल्यानें सहानुभूति वाढते असें शास्त्रानें सिद्ध केलें आहे' असें पालकांस सांगून ज्यानें आपला विषय तारला, त्याचा विषय त्या प्रयोगाबरोबर बुडण्यासहि त्यानें तयार असलें पाहिजे. २०१३ सालीं जे हर्षभरित झाले त्यांनीं २०१८ सालीं ग्रंथालयांस कुलुपें लावलीं नाहींत, हें बरेंच झालें. परंतु तर्काला धरून पाहतां तीं लावणें त्यांस भाग होतें. चेखॉव्हची कथा वाचून छत्तीसांपैकीं एकदोन डोळे अधिक ओळखतां आले काय, हा प्रश्न जिज्ञासेचा आहे. ती कथा वाचण्याचें कारण मात्र तो नव्हे. ज्या घरांत संध्याकाळीं एखादें पुस्तक मोठ्यानें वाचलें जातें आणि ऐकतां ऐकतां कोणाचा तरी गळा दाटून येतो, त्या घरास त्या क्षणाचें मूल्य दुसऱ्या कोणाकडून ठरवून घ्यावें लागत नाहीं. तो क्षण काय आहे, कसा घडतो, एकास येतो तो दुसऱ्यास कां येत नाहीं, हें समजून घेण्यास मात्र भरताचा वारसाहि हवा आणि प्रयोगशाळेंतील काटेकोर माणूसहि हवा. दोघांनीं एकमेकांच्या ओसरीवर बसावें, मनमोकळा वाद करावा, आणि रात्रीं ज्यानें त्यानें आपापल्या घरीं जाऊन आपापला हिशेब तपासावा. चांगला शेजार याहून वेगळा नसतो.